दिसत नाही तेव्हाची बाग

एप्रिल अर्धा सरला होता. सकाळी बागेत फिरायला येणारे एक काका घरी परतताना बाटलीतलं उरलेलं पाणी रोज एका ठरावीक वाफ्यात ओतत. कुंपणालगतचा, दगडांनी आखलेला तो वाफा. मध्ये हिरव्या पत्र्याची पाटी, पाटीवर 'कळलावी', त्याखाली 'ग्लोरिओसा सुपर्बा', आणि पाटीच्या मागे नुसती माती, उन्हानं फिकट पडलेली, बारीक भेगा गेलेली. बाटली पालथी केली की काका थोडं थांबत, माती पाणी पिऊन गडद होताना बघत आणि मग निघत. त्यांचा तो नेम मला फार आवडायचा, आणि तोच थांबवावा लागणार होता. "काका, इथे पाणी नका घालू," मी म्हटलं. "खाली कंद आहेत. या दिवसांत ओल मिळाली तर कुजतात." ते ओशाळले. "मला वाटलं, माळी विसरला बिचाऱ्याला," म्हणाले. मग पाटीकडे बघत त्यांनी विचारलं, "पण मग खाली जिवंत आहे, हे कळायचं कसं?"

पाऊस पडला की कळेल, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. पाऊस पडल्यावर तर सगळ्यांनाच कळतं. त्याआधीच्या सात-आठ महिन्यांचं काय?

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातली ही वनस्पतिबाग लहानशी आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली, तिथले जुने वृक्ष लांबूनही ओळखू येतात. कैलासपती किंवा गोरखचिंच बघायला कोणाची पाटी वाचावी लागत नाही. आमच्या बागेत मोठी झाडं मोजकी. कुंपणालगत सप्तपर्णी, मध्ये एक बकुळ, दोन कुडे. बाकी जी श्रीमंती आहे ती वाफ्यांत, आणि तीही इथल्याच डोंगरांवरची : कळलावी, चवर, रानहळद, शेवळं, भुईचाफा, फोडशी, सफेद मुसळी. पूर्वीच्या कुणा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकेक करून ती आणली, लावली, पाट्या लिहिल्या. नोव्हेंबर उजाडला की या सगळ्या वाफ्यांत पाट्या तेवढ्या उभ्या राहतात. नव्यानं येणाऱ्याला ती बाग उजाड वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्याकडे पाऊस तसाच वागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठाण्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर कोसळतो आणि पुढचे आठ महिने जवळपास काही नाही. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा पत्थर. तिथे ज्यांची मुळं खोल जाऊ शकतात त्यांनी झाड व्हावं, ज्यांना ते जमत नाही त्यांनी चार महिन्यांत मिळवलेलं सगळं कंदात भरून मातीखाली जावं, अशी ही व्यवस्था आहे. पानं टिकवून पाणी उडवत बसण्यापेक्षा पानंच टाकून द्यायची.

काकांशी बोलणं झाल्यावर माळीमामांना मी वाफा उकरून बघायला सांगितलं. मामा मूळचे मुरबाडकडचे, इथे त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनीच माती सारायला सुरुवात केली. वितभर खाली पहिला कंद लागला. कळलावीचा कंद गोल नसतो, वाकवलेल्या बोटासारखा असतो, बरेचदा दोन बोटं कोनात जोडलेली. वर तपकिरी, कागदासारखी पातळ साल, ती जिथे सुटली होती तिथे आतला पांढरा भाग दिसत होता. मामांनी तो उचलला नाही, जागेवरच अलगद फिरवून टोक दाखवलं. त्या टोकाला डाळीएवढा फिकट उंचवटा. "डोळा हाय हा," ते म्हणाले, "हा मोडला का संपलं. कितीबी मोठा कंद असंना का." फुटवा फक्त टोकाशीच येतो, मधला सगळा भाग नुसता साठा. म्हणून हा कंद लावताना आडवा ठेवायचा आणि टोकाला धक्का लागू द्यायचा नाही. शेजारचा दुसरा कंद मात्र बोट लावताच दबला. साल ओली, आतून राखाडी झालेला, आंबूस वास. तो काकांच्या बाटलीच्या टप्प्यातला होता. मामांनी तो मातीसकट काढून घमेल्यात टाकला, चांगल्यावर कोरडी माती लोटली, आणि नळावर जाऊन हात दोनदा साबणानं धुतले. कळलावी अंगभर विषारी, त्यातही कंद सगळ्यात जास्त. त्यातलं कोल्चिसिन संधिवाताच्या औषधात वापरतात, पण कंद पोटात गेला तर माणूस दगावू शकतो.

त्या कुजलेल्या कंदाबद्दल मी काकांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं होतं, आणि उन्हाळ्यात तहानलेल्या मातीला पाणी घालावं असं वाटणाऱ्या माणसांची आपल्या शहरात मुळीच रेलचेल नाही.

त्याच आठवड्यात भुईचाफा फुलला. दोन वाफे पलीकडे, तशाच कोरड्या मातीतून, एकही पान नसताना. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. सकाळी जमिनीला टेकलेलं एक फूल, वर लांबट पांढऱ्या पाकळ्या, खाली मधोमध चिरलेली जांभळी पाकळी, तिच्यावर मातीचे दोन कण. वास घ्यायचा तर गुडघे टेकून वाकावं लागतं. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं येतं. पानं येतात ती पावसात, फुलांचा हंगाम उरकल्यावर. मी काकांना हाक मारून बोलावलं. गुडघे दुखत असूनही ते खाली बसले, वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "म्हणजे याला पाणी कोणीच घातलं नाही?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही. गेल्या वर्षीच्या पावसावर हे फूल आलं होतं.

उन्हाळ्यात आपण सगळे वर बघतो, आणि वर बघण्यासारखं असतंही. येऊरच्या रस्त्याला बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, उपवनच्या बाजूला गुलमोहर पेटतो, राज्यपुष्प म्हणून मिरवणारा ताम्हण मे महिन्यात जांभळा होतो. सगळ्यांच्या फोनमध्ये तेच फोटो. पायाखाली काय चाललंय याकडे लक्ष जायचं कारणच उरत नाही. त्यातून उघडी माती आता आपल्याला सोसवत नाही. घोडबंदर रोडच्या कुठल्याही नव्या सोसायटीत जा : फाटकापासून पिवळ्या ड्युरांटाची कापलेली कड, मग लॉन, मग पाम, मध्ये अकॅलिफाचे लाल ठिपके. बारा महिने तेच, तस्संच. मे महिन्यात घरातल्या नळाला पाणी नसतं, टँकर येतात, आणि त्याच पाण्याचे फवारे लॉनवर चालू असतात. मला त्याचा राग येतो. हिरवळ आवडत नाही म्हणून नव्हे. बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे या हट्टापायी या मातीतल्या झाडांना तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही म्हणून. माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात चवराचे कंद लावले होते. पावसात केळीसारखी रुंद पानं, त्यांच्या बुडाशी गुलाबी-जांभळे तुरे, बघायला शेजारच्या इमारतीतली मुलं यायची. जानेवारीत बागेचा कंत्राटदार बदलला. नव्या माणसांना तिथे मोकळी जागा दिसली, त्यांनी पहारीनं खणून खत भरलं आणि ड्युरांटा लावला. कोणाशी भांडायचं? तिथे काही होतं याचा पुरावा तिच्याजवळही नव्हता, जुने फोटो सोडले तर.

शेवळं मात्र अशी माणसाच्या नजरेतून निसटत नाहीत, कारण ती खाल्ली जातात.

मे संपता संपता जांभळी नाक्याच्या बाजारात गेलं की भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला फडकं अंथरून बसलेल्या बायका दिसतात. समोर शेवळांच्या जुड्या, बाजूला हिरव्या काकडांचे, म्हणजे आंबट रानफळांचे वाटे. शेवळ हे सुरणाच्या जातकुळीतलं झाड. वळवाच्या दोन सरी पडल्या, माती तापून थंड झाली की गड्ड्यातून आधी फूल वर येतं, पान नंतर. आपण जे शेवळं म्हणून आणतो ती न उमललेली फुलंच असतात, जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेली. घरात हा एक सोहळा असे. आई वर्तमानपत्र पसरून बसायची, हाताला तेल लावायची, एकेक शेवळ सोलून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायची, कारण सगळी खाज त्यात. मग बारीक चिरणं, काकडांचा आंबट रस, ओलं खोबरं, आणि सोबतीला वालाच्या बिरड्या नाहीतर कोलंबी. भाजीला जो मातकट, रानवट वास यायचा तसा दुसऱ्या कशालाच येत नाही. जेवताना आजोबा दरवर्षी पहिल्या घासाला थांबायचे, खाज सुटते का ते बघायचे, आणि मग सगळ्यांना "खा" म्हणायचे.

यंदा ज्या मावशीकडून जुड्या घेतल्या तिला मी विचारलं, की डोंगरात एवढ्या झुडपांत शेवळं कुठे आहेत हे तुम्हाला दिसतं कसं? ती कर्जतच्या बाजूची होती, पहाटेच्या लोकलनं आली होती. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "दिसायचं काय त्यात?" ती म्हणाली. "जिथं येतं तिथंच येतं. आई न्यायची तिथं." म्हणजे उगवण्याआधीच तिला जागा ठाऊक असते. अमुक दगडाच्या वरच्या अंगाला, अमुक ऐनाच्या बुंध्याशी. त्या जागी ती जाते तेव्हा कधी कोंब वर आलेला असतो, कधी यायचा असतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फडक्यापाशी मिळालं असं वाटलं. खाली जिवंत आहे हे कळायला डोळे उपयोगाचे नाहीत; जागा लक्षात ठेवलेलं कुणीतरी माणूस लागतं.

जुडी पिशवीत टाकताना मन थोडं खट्टूही झालं. आपण खातो ते त्याचं फूल. ते तोडलं की त्या वर्षी बी नाही. मावशी सांगत होती की ती सगळी काढत नाही, टपोरी तेवढी घेते आणि बाकीची राहू देते. पण बाजार मोठा होत चाललाय, ठाण्याहून जुड्या पुढे दादरला, पार्ल्याला जातात, आणि घेणाऱ्यांना डोंगरावर किती उरली हे विचारायचं सुचत नाही. मी भाजी केली, चवीनं खाल्ली, शेजारी वाटीभर दिली. सोडून द्यावी असं मला वाटत नाही, कारण ज्या दिवशी शेवळं कोणी विकत घेणार नाही त्या दिवशी ती कुठे उगवतात हे सांगणारंही कोणी उरणार नाही. तरी हे दोन्ही विचार एकमेकांशी जुळत नाहीत, हेही खरं.

कारवीचं सगळंच याहून मोठ्या मापानं चालतं. येऊरच्या उतारांवर ती २०१६ साली फुलली होती आणि त्यानंतर २०२४ साली. मधली सात वर्षं ती हिरवी, खरखरीत पानांची, कमरेएवढी आणि मग डोक्याएवढी वाढणारी झुडपं असतात, पावसात हिरवी आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या. आठव्या पावसाळ्यात एकाच डोंगरावरची बहुतेक सगळी एकदम फुलतात. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आम्ही वर गेलो तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांना निळसर जांभळा रंग, हाताला चिकटणारी, उग्र वासाची तुऱ्यांची लव आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज. त्या दिवसांत येऊरला इतकी गर्दी लोटली की गाड्या लावायला जागा नव्हती. फुलं गळल्यावर कोणी फिरकलं नाही. कारवी एकदाच फुलते आणि मग वाळते, त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात तो सगळा उतार मेलेल्या काठ्यांचा होता. पाड्यांवरच्या लोकांना मात्र या काठ्या हव्याच असतात. त्यांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या; काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. अशा घरात भर मे महिन्यात बसून पाहिलंय मी. बाहेर उभं राहवत नसताना आत पाठ टेकावीशी वाटते.

२०२५ साली पाऊस घाईनं आला. मे महिन्यातच वळवाच्या सरी लागल्या होत्या, आणि २६ मे रोजी मोसमी वारे मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. एरवीची तारीख ११ जून. त्या सुमारास मी पुन्हा येऊरला गेले, खास कारवीच्या काठ्या बघायला. रस्त्यावर पाणी वाहत होतं, उतारावर अजून हिरवं फारसं नव्हतं. सर ओसरली आणि आवाज सुरू झाला. टक. थोड्या वेळानं आणखी एक टक, मग चहूबाजूंनी. वाळलेल्या बोंडांत पाणी शिरलं की ती फुटतात आणि आतल्या बिया उडवतात. वर्षभर मेलेल्या काठीला लटकून त्यांनी या पाण्याचीच वाट पाहिलेली असते. एक बी माझ्या छत्रीवर आपटली, ती मी हातात घेतली. चपटी, कडेला बारीक लव, ओली होताच बोटाला बुळबुळीत लागणारी. जुलैत त्याच जागी पाऊल टाकायला जागा नव्हती इतकी रोपं होती, प्रत्येकाला चार-चार पानं. त्यातली थोडीच जगतील. जी जगतील ती २०३२ साली फुलतील.

आमच्या कळलावीनं जूनच्या पहिल्या आठवड्यात मातीतून डोकं वर काढलं. वाफ्याचा एक भाग मोकळाच राहिला, उरलेल्या भागात मात्र कोंब जोमानं चढले. तिच्या पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि जे सापडेल त्याला विळखा घालतं. कुंपणाची तार, शेजारचा कुडा, स्वतःचीच पाटी. ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर पहिलं फूल आलं. उमलताना हिरवट पिवळं, मग पाकळ्या उलट्या वर उभ्या राहतात, कडा चुण्यांच्या होतात आणि दिवसागणिक लाल वर चढत जातो. तेरडाही तेव्हाच फुलला होता आणि बायका गौरीसाठी तो मागायला येत होत्या. त्या आठवड्यात बाग इतकी भरलेली होती की पाट्या वाचण्यासाठी पानं हातानं बाजूला करावी लागत.

आता मामांना निवृत्त व्हायला थोडेच महिने उरलेत. त्यांच्या जागी कायमचा माळी घेणार नाहीत, बागेचं काम कंत्राटी पद्धतीनं देणार असं ऐकते आहे. येणारी माणसं कष्टाळू असतील, पण ती बहुधा उन्हाळ्यात येतील आणि त्यांना मोकळे वाफे दिसतील. पाट्यांचा भरवसा नाही. दोन गंजून पडल्यात, एक कोणीतरी उचलून भलत्याच वाफ्यात खोचली होती. म्हणून आम्ही नकाशा करायला घेतलाय. विद्यार्थ्यांपैकी दोघीजणी टेप धरतात, मामा जागा सांगतात, मी लिहिते. खुणा पाट्यांपासून घ्यायच्या नाहीत असं पहिल्याच दिवशी ठरलं. सप्तपर्णीचा बुंधा, पाण्याच्या टाकीचा कोपरा, फाटकाचा खांब, अशा न हलणाऱ्या गोष्टींपासून अंतर मोजायचं. प्रत्येक वाफ्यापुढे कोंब केव्हा येतो, फूल केव्हा, पान केव्हा वाळतं, पाणी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत तोडायचं, कंद किती खोल आहे, हे सगळं.

मामांना लिहिता येत नाही, पण कागदावर चुकीच्या जागी रेघ पडली की त्यांना लगेच कळतं. "शेवळं इथं नाय," ते म्हणाले, "त्या टाकीकडं सरकलीत." खरंच सरकली होती, पहिल्या लावणीपासून हातभर पुढे, ओल जास्त त्या बाजूला. भुईचाफा, चवर, कळलावी आणि रानहळद मोजून झालीत. फोडशी आणि मुसळी एकमेकांत मिसळल्यात, त्या वेगळ्या करायच्या तर पानं वाळण्याआधीच करायला हव्यात, म्हणून येत्या रविवारी सकाळी लवकर बोलावलंय सगळ्यांना. नकाशाच्या तीन प्रती काढायच्या : एक विभागात, एक माळ्यांच्या खोलीत, आणि एक प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाटकाच्या आतल्या बाजूला, फिरायला येणाऱ्यांना दिसेल अशी.